खिडक्या पडलेले पेपर

पेपर उचलला तर त्याला खिडकी पडलेली होती.

चार बोटं रुंद, वीतभर उंच. कडा सरळ, ब्लेडनं कापलेल्या. पेपराखाली दाबून ठेवलेला नेचा नेमका तेवढ्या खिडकीपुरता सुरकुतला होता, बाकी सगळा इस्त्री केल्यासारखा. मी पेपर दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरला. खिडकीतून टेबलापलीकडची यमुना दिसली. मान खाली घालून ती दमट पेपर काढत होती, कोरडे घालत होती आणि गुणगुणत होती.

*वाटंच्या वाटसरा, तुझ्या पायाला धूळ लाल,*
*बंधू माझा देखिला का, वस्ती कुठं केली काल.*

"यमे, हा पेपर कुणी कापलाय?"

गुणगुणणं थांबलं. "कुठला?"

"हा. नोकरीच्या जाहिरातींचं पान आहे."

"उंदरानं खाल्ला असेल."

"उंदीर पट्टी लावून खातो होय?"

ती हसली. पण हसताना माझ्याकडे बघितलं नाही, पेपराकडे बघितलं. "दे इकडं, दुसरा देते," म्हणाली आणि तो घडी घालून गठ्ठ्याच्या तळाशी सारला.

दोन हजार दोन सालचा ऑक्टोबर. आम्ही दोघी वनस्पतीशास्त्राच्या एम.एस्सी.ला, शेवटच्या वर्षाला. निगुडकर सरांच्या हाताखाली आम्ही दोघीच. सरांचा विषय नेचे, म्हणजे फर्न. घाटातल्या ओढ्यांवरनं आणलेले ऐंशीएक नेचे प्रयोगशाळेत वाळत होते. झाड वाळवायचं म्हणजे जुन्या पेपरांच्या घड्यांत ठेवायचं, वर-खाली लाकडी जाळीच्या फळ्या, पट्ट्यांनी करकचून आवळायच्या. रोज दुपारी चारला सोडायचं, दमट पेपर काढून व्हरांड्यात उन्हाला टाकायचे, कोरडे घालायचे. एक दिवस चुकला की बुरशी. झाडाबरोबर त्याच्या नंबराची चिठ्ठी असायची, ती हलली की झाड अनाथ झालं, असं सर म्हणायचे.

पेपर आणायचे मुलींच्या वसतिगृहातून. तिथल्या वाचनकक्षात पाच गावांचे पेपर यायचे: पुणे, सांगली, सोलापूर, नाशिक आणि विद्यापीठ होतं त्या गावाचा. आठवड्याची रद्दी शनिवारी यमुना डोक्यावर घेऊन यायची. हे काम तिनं स्वतः मागून घेतलं होतं. तेव्हा मला वाटलं, कामसू आहे. खिडकी बघितल्यावर वाटलं, कामसू कशाला, हुशार आहे.

त्या वर्षी वसतिगृहात फॉर्म भरणं हे चोरी केल्यासारखं चालायचं. कुणी बँकेचा भरायची, कुणी बी.एड.चा, कुणी स्पर्धापरीक्षेचा. पण विचारलं की "छे गं, अजून कशात काय" असं म्हणायची आणि उशीखाली पाकीट असायचं. भरताना डाव्या हाताचा आडोसा करायच्या, शाळेत उत्तरं झाकायचो तसा. एका खोलीत चौघी राहायच्या आणि चौघींना पोस्ट ऑफिसच्या रांगेत एकमेकी भेटायच्या. मग चौघी म्हणायच्या, तिकीट घ्यायला आले होते.

मीही झाकतच होते. जत तालुक्यातल्या आमच्या गावात मामानं स्थळ बघून ठेवलं होतं. मुलाचं खताचं दुकान होतं. वडिलांचं, म्हणजे आण्णांचं, म्हणणं एवढंच, "परीक्षा झाली की पुढचं दाखव. दाखवण्यासारखं असलं तर थांबतो, नसलं तर मांडव घालतो." आण्णा वाईट नव्हते. पण दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आणि रात्रंदिवस छातीत एक पाखरू फडफडत राहायचं.

दाखवण्यासारखं एकच आलं होतं. सरांच्या नेच्यांच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली होती. तीन वर्षांसाठी एक संशोधन सहायक. एकच. दिवाळीच्या सुट्टीआधी सरांना नाव कळवायचं होतं.

"तुमच्या दोघींतलीच एक," सर म्हणाले. "दोघींचं काम सारखं आहे. विचार करतो."

त्या संध्याकाळी व्हरांड्यातले पेपर गोळा करताना यमुना म्हणाली, "शाले, मला इथंच राहायचंय बघ."

"इथं म्हणजे?"

"इथंच. या गावात. विद्यापीठात."

"का गं? तुझा दादा पुण्याला आहे ना नोकरीला? तिकडं जा की. पुण्यात काय नाही?"

तिनं पेपरांचा गठ्ठा गुडघ्यावर आपटून सारखा केला. कडा जुळल्या होत्या, तरी पुन्हा आपटला. "दादाचं काय. त्याचं तो बघतो."

हा दादाही माझ्या मनात कुसळासारखा रुतलेला होता. दीड वर्ष आम्ही एका खोलीत राहत होतो. दादाचं पत्र नाही. फोन नाही. दिवाळीला भाऊबीज नाही. पण बोलण्यात दादा यायचाच. घाटात फांदीचा फटका माझ्या कपाळाला बसला, तेव्हा कसलातरी पाला चुरगळून तिनं तिथं दाबून धरला आणि म्हणाली, "दादालाही इथंच लागली होती. विटी. उजव्या भुवईवर. खूण गेली नाही अजून." बोटाखाली माझी भुवई होती, पण ती दुसरीच कुणाची धरल्यासारखी धरली होती.

आता मी हिशेब जुळवला. दादा पुण्यात कुठंतरी मोठ्या जागेवर असणार. बहिणीसाठी जागा बघत असणार. ती इकडून जाहिराती पाठवत असणार. आणि मला सांगते, इथंच राहायचंय.

दुसऱ्या दिवशी ती जेवायला गेल्यावर मी गठ्ठा उपसला. चार खिडक्या निघाल्या. चारही गुरुवारच्या पेपरांत, चारही जाहिरातींच्या पानावर, चार वेगळ्या गावांच्या. एक मात्र विचित्र होतं. खिडकी जाहिरातीच्या चौकटीवर बसत नव्हती. वरच्या जाहिरातीचा तळ आणि खालचीचा माथा, असं अर्धंमुर्धं कापलेलं. "…विज्ञान शाखेची पदवी आव" इथवर शब्द होते आणि पुढं भोक.

मी त्या भोकाच्या कडेवरनं बोट फिरवत बसले. मला कळू नये म्हणूनच वाकडं कापलंय, असं ठरवलं.

शनिवारी गावातल्या नगर वाचनालयात गेले. सोलापूरच्या पेपराची फाईल मागितली. म्हातारे ग्रंथपाल म्हणाले, "मुली, जाहिराती बघायला आलीस होय? सगळे तेवढ्यालाच येतात. बातम्या कुणी वाचत नाही." मी फाईलमधलं ते पान तळहातानं सपाट करून दाबून धरलं. खिडकीच्या जागी वर एका दूध संघाला प्रयोगशाळा सहायक हवा होता. खाली एका कनिष्ठ महाविद्यालयाला जीवशास्त्राची शिक्षिका. दोन्ही आम्हाला लागू. दोन्ही पत्ते मी वहीत उतरवून घेतले आणि त्याच दिवशी दोन्हीकडे अर्ज टाकले. पोस्टाच्या रांगेत आमच्याच वर्गातली एक भेटली.

"तिकीट घ्यायला आले होते," मी म्हणाले.

"मी पण," ती म्हणाली.

मंगळवारी चारच्या सुमाराला सर प्रयोगशाळेत आले. यमुना जादा पेपर आणायला वसतिगृहावर गेली होती. सरांनी टेबलावरचा एक नेचा उचलला. "हा कुठला?"

मी नाव सांगितलं.

"उलटून बघितलंस?"

सरांनी नेचा पालथा केला. पोटाकडे बीजाणूंच्या तपकिरी ठिपक्यांच्या दोन रांगा होत्या. मी सांगितलेल्या जातीला एकच रांग असते.

"किती वेळा सांगायचं, शालन? वरून सगळे हिरवेच दिसतात. नेचा बोलतो तो पोटाकडनं." त्यांनी तो जागेवर ठेवला. मग खुर्ची ओढून बसले. एरवी ते बसत नसत. "एक विचारू? यमुना तीन वर्षं टिकेल ना इथं? मागच्या प्रकल्पातला मुलगा सहा महिन्यांत बँकेत गेला. सगळं काम पाण्यात. ती हाताची पक्की आहे, माझा कल तिच्याकडे आहे. पण तू खोलीत असतेस तिच्या. तुला माहीत असेल."

व्हरांड्यात उन्हात पेपर सळसळत होते. मी म्हणाले, "तसं नक्की काही माहीत नाही सर. पण ती जाहिराती कापते."

"कसल्या?"

"नोकरीच्या. दर आठवड्याला. प्रत्येक गावाच्या पेपरातनं."

सर उठले. "बरं," म्हणाले. एवढंच.

मी खोटं बोलले नव्हते. हे मी त्या दिवशी स्वतःला जेवतानाही सांगितलं आणि झोपतानाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी यमुनाला आपल्या खोलीत बोलावलं. ती पाच मिनिटांत बाहेर आली. टेबलाशी येऊन तिनं पट्ट्या सोडल्या, वरची फळी बाजूला ठेवली आणि पेपर बदलायला लागली. एकेक पेपर असा उचलत होती, की खाली कुणी झोपलंय आणि जागं होईल.

"काय म्हणाले सर?" मी विचारलं.

"विचारत होते, जाहिराती कापतेस का."

"मग?"

"मी हो म्हटलं."

"हो कशाला म्हटलंस?"

तिनं पहिल्यांदा वर बघितलं. बराच वेळ बघितलं. "दुसरं काय सांगणार होते, शाले?"

मला आतल्या आत हुश्श झालं. बघा, कबूलच केलं. माझा संशय खरा होता, म्हणजे माझं सांगणंही खरं होतं. शुक्रवारी सूचनाफलकावर माझं नाव लागलं. यमुनानं माझ्या हातावर साखर ठेवली. मेसमधून पुडीत बांधून आणली होती.

"तुझंच होणार होतं," ती म्हणाली.

"तुलाही कुठंतरी लागेलच. तू बघतेच आहेस ना."

"बघतेय," ती म्हणाली.

मी आण्णांना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं. दुकानवाल्यांना नको कळवतो." छातीतलं पाखरू बसलं. परीक्षेपर्यंतच्या सहा महिन्यांत आम्ही भांडलो नाही, रुसलो नाही. फक्त ती माझ्यासमोर गुणगुणायची थांबली. रद्दीही आता टेबलावर येताना ब्लेड न लागलेलीच यायची. जाहिरातींची पानं ती बहुतेक वाचनकक्षातच बाजूला काढून ठेवत असावी. मला वाटलं, पकडली गेली म्हणून सावध झाली. परीक्षा झाली. ट्रंक एसटीच्या टपावर चढवून ती शाहूवाडीकडच्या आपल्या गावाला गेली. खिडकीतून म्हणाली, "गुरुवारचे पेपर येतात का बघत जा गं. रेक्टर बाई बंद करतील सोलापूरचा, कुणी वाचत नाही म्हणून."

मला वाटलं, नेच्यांसाठीच म्हणतेय.

जुलैत प्रकल्प सुरू झाला. वाळलेले नेचे जाड कागदावर चिकटवायचं काम निघालं. यमुनानं दाबलेले माझ्या वाट्याला आले. एकेक घडी उघडायची, नेचा उचलायचा, उलटायचा, पोटाकडचे ठिपके बघायचे, चिठ्ठीवरचा नंबर लिहायचा. छत्तीस नंबरच्या घडीत नेच्याखाली आणखी एक कागद होता. चार बोटं रुंद, वीतभर उंच.

वरच्या बाजूला अर्धी जाहिरात. "…व्यास प्राधान्य. मूळ कागदपत्रांसह समक्ष भेटा." पुढं तुटलेलं. सापडलीच एक, असं मनात आलं. आणि हात सवयीनं, नेचा उलटतात तसा, तो कागद उलटून गेला.

मागच्या बाजूला चौकट पूर्ण होती. चारही कडा जिथल्या तिथं.

*अनोळखी इसम. रेल्वे स्थानकाच्या आवारात मृतावस्थेत मिळून आला. वय अंदाजे पंचवीस, रंग सावळा, बांधा सडपातळ, उंची पाच फूट आठ इंच, उजव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण. अंगात निळ्या चौकडीचा शर्ट. ओळख पटल्यास पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा.*

समासात पेन्सिलीनं, चिठ्ठीवर नंबर लिहायची तशा मुंगीएवढ्या अक्षरांत, यमुनानं लिहिलं होतं: *क्र. ४१. दादा नाही. दोन इंच उंच आहे.*

धोंडीराममामा आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई. ते काचेच्या बाटल्या पुसत होते. मी कागद त्यांच्यापुढं धरला.

"मामा, यमुनाचा भाऊ कुठं असतो?"

त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. कागद वाचला नाही, नुसता बघितला. "तुला बोलली न्हाई व्हय ती?"

"पुण्याला नोकरीला आहे म्हणायची."

"आईला तसंच सांगितलंय तिनं. हितं फिजिक्सला हुता. लई हुशार पोरगं. पास झाला, मग दोन वर्सं नुसतं फारम भरायचा. दारात उभं ऱ्हाऊन पोस्टमनची वाट बघायचा. एक दिवस मुलाखत हाय म्हणून पुण्याला गेला. नवा शर्ट घातलावता. मीच म्हणलं, लेका, येताना पेढं आण." त्यांनी फडकं परत हातात घेतलं. "त्याला मुलाखतीला कुणी बोलावलंच नव्हतं, हे मागनं कळलं. चार वर्सं व्हतील आता."

"मग तिनं सरांना का नाही सांगितलं?"

"कसं सांगंल? हितं एकाला सांगितलं की चौघांला. गावात पोचायला येळ लागतोय व्हय? आई हाय ना तिची. पोराच्या नोकरीवर जगती." त्यांनी बाटली उजेडात धरली. "ती म्हणायची, मामा, आला तर दादा पयला हितंच यील. त्याला दुसरी जागा म्हाईतच न्हाई."

चार वाजले होते. पट्ट्या सोडायची वेळ. मी सोडल्या. पेपर बदलले. एकही चुकवला नाही.

त्या गुरुवारी मी वाचनकक्षात गेले. रेक्टर बाईंनी सोलापूरचा पेपर खरोखरच बंद केला होता. भांडून सुरू केला. ब्लेड घेतलं, पट्टी घेतली. चौकट कापली, पाकिटात घातली, यमुनाचं नाव घातलं आणि पोस्टाच्या रांगेत उभी राहिले. पाकिटात चिठ्ठी घातली नाही. काय लिहावं ते येत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी दुसरी. मग तिसरी. नवव्या पाकिटानंतर एक कार्ड आलं. मुंगीएवढी अक्षरं.

"पाकिटं मिळतात. गावात एकच पेपर येतो, तोही दुपारी एसटीनं. एक्कावन्न ते एकोणसाठ पाहिले. नाही. पाठवत राहा. इथल्या आश्रमशाळेत शिकवते. ओढ्यावर तुझा दोन रांगांचा नेचा सापडला, उलटून पाहिला."

प्रकल्प संपला, पीएच.डी. झाली, मी तिथंच शिकवायला लागले. माझ्या हाताखालून मुलींच्या पंधरा-सोळा तुकड्या गेल्या. दर वर्षी त्याच विचारतात, "मॅडम, पुढं काय करू?" आणि हातातल्या मोबाइलचा पडदा माझ्यापासून जरासा तिरपा धरतात. पेपर पातळ झाले, गुरुवारचं पान कधी येतं, कधी येत नाही. पाकिटं मी पाठवत राहिले. एक गोष्ट मात्र त्यात कधी घातली नाही.

गेल्या वर्षी धोंडीराममामा गेले. तेराव्याहून परत आल्यावर मी त्या आठवड्याची चौकट कापली, आणि तिच्या मागच्या बाजूला, तुटलेल्या जाहिरातीच्या समासात, पेन्सिलीनं लिहिलं: *सरांना मी सांगितलं होतं.* पाकीट बंद केलं. पेटीत टाकल्यावर हात आत घालून ते परत काढता येतं का, हेसुद्धा बघितलं. येत नाही.

बारा दिवसांनी कार्ड आलं.

"शाले, तेव्हाच ठाऊक होतं. त्या पेपरांना तुझा आणि माझा, दोघींचाच हात लागायचा. आई मागच्या महिन्यात गेली. शेवटपर्यंत दादाला रजा मिळत नाही, असंच सांगितलं. अकराशे चार पाहिला. नाही. नाशिकचा पेपर दोन आठवडे आला नाही, तेवढा बघ."

मी चप्पल घातली आणि वाचनकक्षाकडे निघाले. गुरुवार नव्हता, पण निघाले.